क्वांटम वेलमधला एक्सायटॉनचा पीक फील्डबरोबर सरळ रेषेत का सरकत नाहीये?

भांडुप_पश्चिम
रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, एमेस्सी पार्ट टूला आहे, प्रोजेक्टमध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या क्वांटम वेलचं (दुसऱ्या पदार्थाच्या दोन थरांत दाबलेला अगदी पातळ थर) पीएल (लेसर मारल्यावर त्यातून निघणाऱ्या उजेडाचा स्पेक्ट्रम) मॅग्नेटिक फील्डमध्ये घ्यायचं काम मिळालंय. वेल १० नॅनोमीटरची, दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड, टेंपरेचर ४.२ केल्विन, हिरवा ५३२ चा लेसर, फील्ड वेलच्या पातळीला काटकोनात, ० ते ८ टेस्ला. मॅग्नेटचे दोनच दिवस मिळाले होते आणि त्यात जमेल तेवढं उरकलं.

आता प्रॉब्लेम असा की मी झीमन इफेक्ट डोक्यात ठेवून बसलो होतो, म्हणजे फील्ड लावलं की पीकचे दोन तुकडे होणार, एक वर एक खाली, सरळ रेषेत. तसं काहीच झालं नाही. शून्य फील्डला पीक ८००.२ नॅनोमीटरला होता. २ टेस्लापर्यंत जवळपास हललाच नाही, जेमतेम ०.१६ एमईव्ही (मिली इलेक्ट्रॉन व्होल्ट), मला वाटलं मॅग्नेट चालूच झाला नाहीये की काय. ४ ला ०.६४ झाला. आणि ८ ला चक्क २.२ एमईव्ही. तुकडे वगैरे काही नाही, अख्खा पीकच वरच्या एनर्जीकडे सरकतोय. मी सगळ्या पॉइंटांतून सरळ रेषा काढली आणि तिच्या चढावरून जी फॅक्टर (झीमनचे तुकडे किती फाकतात तो आकडा) काढला तर तो नऊच्या वर आला, गाइडनी बघितलं आणि म्हणाले पुन्हा विचार करून ये. चूक नक्की कुठे होतेय ते कळत नाहीये. शिवाय मुख्य पीकच्या खाली १.६ एमईव्हीवर एक खांदा दिसतोय, तो फील्डमध्ये जास्त उठून दिसतो, तो काय प्रकार आहे? पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे, प्लीज कुणीतरी सांगा.

गिरगावकर
सकाळी ६:५०

अरे बाळा, तुझा डेटा चुकलेला नाही, उलट फार छान आहे. चुकलीये ती फक्त रेषा. तुझे आकडे एकदा नीट बघ. २ टेस्लाला ०.१६, ४ ला ०.६४. फील्ड दुप्पट, सरकणं चौपट. हा वर्ग आहे, सरळ रेषा नव्हेच. याला डायमॅग्नेटिक शिफ्ट म्हणतात आणि एक्सायटॉनच्या बाबतीत ती झीमनपेक्षा कितीतरी मोठी असते, म्हणून तुला आधी तीच दिसली.

वर्ग का येतो ते समजून घे, पाठ करू नकोस. लेसरने इलेक्ट्रॉन वर उडवला, मागे त्याची रिकामी जागा म्हणजे होल राहिला, दोघं एकमेकांना धरून हायड्रोजनच्या अणूसारखे फिरतात, तो एक्सायटॉन. ही कल्पना फ्रेंकेलची १९३१ ची, आपल्यासारख्या मोठ्या पसरलेल्या एक्सायटॉनचं गणित वानियरचं १९३७ चं, आणि ग्रॉसने लेनिनग्राडला १९५२ मध्ये कॉपर ऑक्साइडमध्ये हायड्रोजनसारखी रेषांची अख्खी माळ प्रत्यक्ष बघितली. आता या जोडीवर फील्ड लावलंस की ती आतल्या आत उलट्या दिशेचा करंट उभा करते, लेंझचा नियम, बारावीचाच. तो करंट फील्डच्या प्रमाणात. आणि त्या करंटची फील्डशी जी झटापट होते तीही पुन्हा फील्डच्या प्रमाणात. म्हणजे एनर्जी फील्डच्या वर्गाने वाढणार, आणि नेहमी वरच जाणार, खाली कधीच नाही. दुसरी गोष्ट, जोडी जितकी पसरलेली तितकं फील्डला धरायला क्षेत्रफळ जास्त, म्हणून सरकणं जोडीच्या त्रिज्येच्याही वर्गावर अवलंबून.

मला या विषयाचं सगळ्यात जास्त प्रेम आहे ते याच्यामुळे. तू पीक किती सरकला ते मोजलंस असं तुला वाटतंय, पण खरं म्हणजे तू एक्सायटॉनला मोजपट्टी लावलीयेस. सूत्र असं, शिफ्ट म्हणजे चार्जचा वर्ग, गुणिले सरासरी त्रिज्येचा वर्ग, गुणिले फील्डचा वर्ग, भागिले आठ वेळा रिड्यूस्ड मास (दोघांचं मिळून हिशेबाला धरायचं मास). मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या मासच्या पटीत इलेक्ट्रॉनचं मास ०.०६७, होलचं वेलच्या पातळीतलं साधारण ०.२ धरलं तर रिड्यूस्ड मास ०.०५ येतं. आकडे घातले की दर चौरस नॅनोमीटरमागे, दर टेस्लावर्गामागे ०.४४ मायक्रो ईव्ही. तुझा आकडा ४ टेस्लाला ६४० मायक्रो ईव्ही, म्हणजे टेस्लावर्गामागे ४०. ४० भागिले ०.४४ झाले ९१, त्याचं वर्गमूळ साडेनऊ. तुझ्या जोडीची त्रिज्या साडेनऊ नॅनोमीटर. वेल १० ची आणि जोडी आडवी पसरलीये साडेनऊपर्यंत, दोन्ही बाजू धरल्या तर १९, म्हणजे भाकरीसारखी चपटी झालीये. कागदावर पुन्हा एकदा स्वतः कर हे गणित, माझ्यावर विसंबू नकोस.

भांडुप_पश्चिम
सकाळी ९:०५

सर तुम्ही म्हणालात तसं लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर केलं, साडेनऊच आलं!! पण मग ८ टेस्लाचं काय, ४० गुणिले ६४ केलं तर २.५६ यायला हवं, माझं २.२ आलंय. आणि जी फॅक्टर मग काढायचाच नाही का?

लालबाग_लेसर
दुपारी १:४०

मी पीएचडी करतेय, थोडं याच प्रकारचं काम आहे म्हणून लिहिते. सरांनी जे सांगितलं त्यातच तुझ्या ८ टेस्लाचं उत्तर आहे. वर्गाचा नियम फील्ड हलकं असेपर्यंतच खरा. हलकं म्हणजे किती, तर मॅग्नेटिक लेंग्थ काढ, २५.७ नॅनोमीटर भागिले टेस्लाचं वर्गमूळ. १ टेस्लाला २५.७, ४ ला १२.८, ८ ला ९.१. ही लांबी म्हणजे फील्ड एकटं असतं तर इलेक्ट्रॉनला जेवढ्या जागेत गोल फिरवलं असतं ती जागा. जोपर्यंत ती साडेनऊच्या कितीतरी वर आहे तोपर्यंत जोडीला बांधून ठेवणारं आकर्षणच मालक, फील्ड नुसतं कुरतडतंय. ८ टेस्लाला दोघं बरोबरीला आले, मग फील्ड जोडीला आवळायला लागतं, जोडी लहान होते, लहान झाली की सरकणंही मंदावतं. अजून वर गेलास तर लँडाऊ लेव्हलसारखी (नुसत्या फील्डमध्ये फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या एनर्जीच्या पायऱ्या) सरळ रेषा व्हायला लागते. म्हणून वर्गाचा फिट फक्त ३ टेस्लापर्यंतच्या पॉइंटांना कर, फार तर ४. सगळ्यांना एकत्र फिट केलंस तर त्रिज्या उगाच लहान येईल.

जी फॅक्टरबद्दल. झीमन आहेच, पण दबलेलं आहे. बोर मॅग्नेटॉन ०.०५८ एमईव्ही पर टेस्ला, म्हणजे ८ टेस्लाला जी एक असला तरी दोन तुकड्यांत ०.४६ चं अंतर. तुझ्या पीकची रुंदी किती आहे? १ एमईव्हीच्या आसपास असेल तर नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसणार नाही. आणि १० नॅनोमीटरच्या आसपासच्या वेलमध्ये एक्सायटॉनचा जी मुळातच लहान असतो कारण इलेक्ट्रॉनचा आणि होलचा हिस्सा एकमेकांना खातात. नुसत्या इलेक्ट्रॉनचाच बघ, जाड गॅलियम आर्सेनाइडमध्ये उणे ०.४४, वेल बारीक करत गेलं की ५-६ नॅनोमीटरजवळ शून्यातून पलीकडे जाऊन अधिक होतो. त्यामुळे पुस्तकातला आकडा उचलून चालत नाही, ज्याची त्याची वेल मोजावी लागते.

मोजायचं कसं, तर सर्क्युलर पोलरायझेशन वेगळं करून. सिग्मा प्लस आणि सिग्मा मायनस (एकमेकांच्या उलट फिरणारी दोन पोलरायझेशनं) असे दोन वेगवेगळे स्पेक्ट्रम घे. दोघांची सरासरी म्हणजे डायमॅग्नेटिक, दोघांतला फरक म्हणजे झीमन, इतकं साधं आहे. क्वार्टर वेव्ह प्लेट (गोल पोलरायझेशन सरळ करणारी काच) आणि पोलरायझर लागेल. इथे एक चूक सगळेच करतात आणि मीही पहिले तीन महिने केली, ती म्हणजे पोलरायझर फिरवणं. पोलरायझर फिरवू नकोस, तो स्पेक्ट्रोमीटरसमोर एकाच दिशेला पक्का ठेव आणि क्वार्टर वेव्ह प्लेट ९० अंशांनी फिरव, कारण ग्रेटिंग उभ्या आणि आडव्या पोलरायझेशनला सारखं वागवत नाही आणि मग तुला खोटा फरक दिसतो. याहून पक्कं हवं असेल तर काहीच फिरवू नकोस, फील्डची दिशा उलटव. उणे फील्डचा सिग्मा प्लस म्हणजेच अधिक फील्डचा सिग्मा मायनस.

आणि उजेड कमीजास्त दिसला तर घाबरू नकोस, खालच्या एनर्जीच्या तुकड्यात जास्त एक्सायटॉन उतरतात. ४.२ केल्विनला केटी (उष्णतेची एनर्जी) ०.३६ एमईव्ही येतं त्यावरून अंदाज बांधता येतो, पण एक्सायटॉन काहीशे पिकोसेकंदांतच विझतो, तेवढ्यात स्पिनचं वाटप पूर्ण होतंच असं नाही, म्हणून उजेडाच्या प्रमाणावरून थेट टेंपरेचर काढायला जाऊ नकोस.

कळवा_कारशेड
दुपारी ३:१०

फिजिक्स तुम्ही लोक बघा, मी हेलियम आणि मॅग्नेट सांभाळणारा माणूस, वीस वर्षं झाली, मला वेगळीच शंका आहे. भांडुपवाल्या, तुझा २ टेस्लाचा ०.१६ एमईव्ही म्हणजे नॅनोमीटरमध्ये किती? ८०० जवळ १ एमईव्ही म्हणजे साधारण अर्धा नॅनोमीटर, म्हणजे तुझं सरकणं ०.०८ नॅनोमीटर. संध्याकाळी एसी बंद झाला की स्पेक्ट्रोमीटर स्वतःहून तेवढा सरकतो, मी डोळ्यांनी बघितलंय. सकाळी शून्य फील्ड घेतलंस आणि रात्री २ टेस्ला घेतलंस तर ते सरकणं एक्सायटॉनचं की मशीनचं, सांगणार कसं?

उपाय स्वस्त आहे. आरगॉनचा छोटा कॅलिब्रेशनचा दिवा असतो, त्याच्या ८००.६ आणि ८०१.५ नॅनोमीटरच्या दोन रेषा बरोबर तुझ्या पीकच्या शेजारी येतात, देवाने जणू तुझ्यासाठीच ठेवल्यात. प्रत्येक फील्डला आधी दिव्याचा स्पेक्ट्रम, मग सॅम्पलचा. पाच सेकंदांचं काम आहे पण कुणी करत नाही. आणि शेवटी फील्ड शून्यावर आणून पुन्हा एकदा सॅम्पल घे, पहिल्या शून्याशी जुळलं तरच दिवसभराचा डेटा खरा.

अजून एक, पावसाळ्यात करणार असशील तर क्रायोस्टॅटच्या खिडकीकडे लक्ष ठेव. जुलैमध्ये आपल्याकडची हवा अशी असते की व्हॅक्यूम जरासा ढिला पडला की बाहेरच्या काचेवर दव धरतं, बारीक, तिरकं बघितल्याशिवाय दिसत नाही, आणि पोरं तासभर सिग्नल का पडला म्हणून लेसर अलाइन करत बसतात. बोटाने पुसू नका, कोरड्या नायट्रोजनची बारीक नळी काचेवर सोडून ठेवायची आणि नंतर व्हॅक्यूम बघून घ्यायचा. मॅग्नेट चढवताना घाई नको. १ लिटर हेलियमचा ७५० लिटरच्या आसपास वायू होतो, क्वेंच झाला (मॅग्नेटची सुपरकंडक्टिव्हिटी अचानक गेली) की तो सगळा एकदम बाहेर पडतो आणि खोलीतल्या माणसाला श्वास उरत नाही. रिकव्हरीची लाइन उघडी आहे ना हे स्वतः हात लावून बघायचं, दुसऱ्याला विचारून नाही.

भांडुप_पश्चिम
दुपारी ४:३०

काका खरंच थँक्यू, दिव्याचं डोक्यातच आलं नव्हतं. पीकची रुंदी ०.९ एमईव्ही आहे ताई. क्वार्टर वेव्ह प्लेट बाजूच्या लॅबमधून मिळतेय, शुक्रवारी मॅग्नेटचा अर्धा दिवस मागितलाय. तो १.६ वाला खांदा राहिला.

लालबाग_लेसर
संध्याकाळी ७:१५

खांद्याबद्दल मी लगेच सांगितलं नाही कारण १.६ बघून ठाम सांगताच येत नाही. दोन उमेदवार आहेत. एक म्हणजे ट्रायॉन. वेलमध्ये थोडे जादा इलेक्ट्रॉन असले की एखादा इलेक्ट्रॉन एक्सायटॉनला येऊन चिकटतो, दोन इलेक्ट्रॉन आणि एक होल. लँपर्टने १९५८ मध्ये हे असू शकतं असं मांडलं होतं आणि प्रत्यक्ष दिसायला १९९३ उजाडलं, ग्रेनोबलच्या लोकांना कॅडमियम टेल्युराइडच्या वेलमध्ये सापडला. गॅलियम आर्सेनाइडमध्ये तो एक्सायटॉनच्या १ ते २ एमईव्ही खाली असतो, म्हणजे तुझं १.६ बसतं.

दुसरा उमेदवार म्हणजे वेलची जाडी. अणूंचा एक थर ०.२८ नॅनोमीटर, आणि वेलची जाडी सगळीकडे सारखी नसते, कुठे एक थर जास्त कुठे कमी. १० नॅनोमीटरच्या वेलमध्ये एका थराने एनर्जी दीड-दोन एमईव्हीने बदलते. म्हणजे हेही १.६ ला बसतं! माझ्या एका सॅम्पलवर मी चार महिने ट्रायॉन ट्रायॉन करत होते आणि तो थर निघाला.

ओळखायचं असं. लेसरचा ठिपका सॅम्पलवर इकडेतिकडे सरकव, दोन पीकचं प्रमाण जागेजागी जोरात बदललं तर थराचा संशय धर. मग लेसर बदल. तुझा ५३२ एनर्जीत बॅरियरच्याही (वेलच्या दोन्ही बाजूंचे थर) वरचा आहे, तो बॅरियरमध्ये इलेक्ट्रॉन-होल तयार करतो आणि वेलमधल्या जादा इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते. त्याऐवजी ७८० चा वापरलास तर बॅरियरमध्ये जोड्या तयार होत नाहीत, वेलमध्ये होतात. लेसर बदलल्यावर खांदा लक्षात येण्याइतका कमीजास्त झाला तर ट्रायॉनकडे झुकतं माप. आणि तुझ्याकडे फील्ड आहेच, ट्रायॉन असेल तर फील्ड चढवताना एक्सायटॉनपासूनचं अंतर थोडं वाढतं, शिवाय पोलरायझेशन एक्सायटॉनपेक्षा बरंच वेगळं दिसतं कारण मागे उरलेल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन फील्डमध्ये एका बाजूला कलतात. थर असेल तर दोन्ही पीक हातात हात घालून सरकतील, दोघंही शेवटी एक्सायटॉनच ना.

गिरगावकर
रात्री ९:३०

वरच्या मुलीने फार नीट लिहिलंय. मी एकच गोष्ट जोडतो, प्रेझेंटेशनला उपयोगी पडेल. कुणीतरी विचारणारच की हे हायड्रोजनवर का करत नाही. तर जिथे फील्डची ताकद अणूला बांधणाऱ्या आकर्षणाच्या बरोबरीला येते ते फील्ड हायड्रोजनसाठी २ लाख ३५ हजार टेस्ला आहे. परळला हॉस्पिटलात एमआरआय काढतात ते मशीन दीड नाहीतर ३ टेस्लाचं. एवढं मोठं फील्ड पृथ्वीवर कुठेच धरून ठेवता येत नाही, न्यूट्रॉन ताऱ्यांपाशी असतं. पण गॅलियम आर्सेनाइडमध्ये जोडीचं मास ०.०५, आणि पदार्थाचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट १२.५ च्या आसपास, त्यामुळे आकर्षण पातळ होतं. मासच्या वर्गाने गुण, डायइलेक्ट्रिकच्या वर्गाने भाग, २ लाख ३५ हजाराचे उरतात ४ टेस्लापेक्षाही थोडे कमी. हा जाड तुकड्याचा हिशेब, वेलमध्ये जोडी जास्त घट्ट असते म्हणून तुझ्याकडे ते ८ च्या आसपास गेलं. जे ताऱ्यांवर घडतं ते तू सॅम्पलच्या नखाएवढ्या तुकड्यावर बघतोयस. मी शिकवायला लागलो तेव्हा हे गणित फळ्यावर केलं की पोरं मान वर करून बघायची, अजूनही मला ते चेहरे आठवतात.

अजून एक, होलचं मास ०.२ धरलं ते मी. पातळीतलं मास वेलनुसार बदलतं, ०.११ धरलंस तर रिड्यूस्ड मास ०.०४२ होतं आणि त्रिज्या ८.७ येते. म्हणून एकच आकडा छातीठोकपणे लिहू नकोस, ८.७ ते ९.५ असं लिही आणि कोणतं मास धरलं ते शेजारी लिही.

भांडुप_पश्चिम
शुक्रवार, रात्री १०:५०

आत्ताच लॅबमधून निघालो, कांजूरमार्गला गाडी थांबलीये म्हणून टाइप करतो. झालं!! आरगॉनचा दिवा प्रत्येक फील्डला घेतला, शेवटच्या शून्याला पीक पहिल्या शून्याशी ०.०१ नॅनोमीटरच्या आत जुळला. काका, मागच्या वेळच्या डेटात मशीन खरंच सरकलं होतं, पण नशिबाने थोडंच, २ टेस्लाचा पॉइंट आता ०.१५ आलाय.

सिग्मा प्लस आणि सिग्मा मायनसमध्ये ८ टेस्लाला ०.१२ एमईव्हीचा फरक, फील्ड उलटं केल्यावर दोघांची अदलाबदल झाली, म्हणजे खरा आहे. जी साधारण ०.२६. नऊच्या वरून पाव. सरासरीतून ३ टेस्लापर्यंत फिट केला तर टेस्लावर्गामागे ३९ मायक्रो ईव्ही, म्हणजे त्रिज्या ८.६ ते ९.४, दोन्ही मासं लिहिलीयेत.

खांदा मात्र फील्ड चढवताना एक्सायटॉनपासून लांब गेला, १.६ चा १.९ झाला, आणि त्याचं पोलरायझेशन खूप जास्त आहे. ७८० चा लेसर अजून मिळालेला नाही, तोपर्यंत ट्रायॉन असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवतोय. ताई, ठिपका पाच जागी सरकवून बघितला, प्रमाण फारसं बदललं नाही.

गाइडनी एक ५ नॅनोमीटरची वेल दिलीये, पुढच्या हेलियमला ती बसवायची. जोडी अजून आवळलेली असणार म्हणजे शिफ्ट कमी यायला हवी, बरोबर ना सर?

गिरगावकर
शनिवार, सकाळी ६:४०

बरोबर. कमी यायला हवी. पण वेल फारच बारीक झाली तर लाटा बॅरियरमध्ये झिरपायला लागतात आणि जोडी पुन्हा सैल होते, म्हणून ५ वर थांबू नकोस, मिळाली तर ३ ची पण माग. मोजशील तेव्हा आकडे इथे टाक, मी वाट बघतोय.